पन्नास फुटांची वायर

आमच्या दुकानात कॉम्प्युटर एकच होता, पण त्याला पडदे दोन होते. एक बाहेर, टेबलावर, गिऱ्हाइकाला दिसेल असा. दुसरा आत, माजघराच्या पलीकडच्या खोलीत, जिथं मी बसायचे. बाहेरच्या पडद्याची वायर हातभर होती. माझ्या पडद्याची पन्नास फूट. माझ्या संसाराची पहिली आठ-नऊ वर्षं सांगायची तर या वायरीबद्दलच सांगावं लागतं, आणि ते सांगताना माझं डोकं अजूनही तापतं, हे आधीच कबूल करून टाकते.

सासर हिंगोलीचं. घराणं मूळचं देवळातल्या पूजेअर्चेचं, पण सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, तरुणपणी छापखाना टाकला. पायाने चालवायचं मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, पेट्या, शाईचे डबे. हस्तपत्रकं, पावतीपुस्तकं आणि सगळ्यात जास्त लग्नपत्रिका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी खिळे बंद पडायला लागले. गिऱ्हाइकं विचारायची, कॉम्प्युटरवर करून देता का? त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं. मी नांदेडला दीड वर्ष एका ठिकाणी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम केलेलं होतं. मराठी टायपिंग हातात बसलेलं, चौकटी, वेलबुट्ट्या, गणपतीची चित्रं कुठं किती ठेवायची हे डोळ्यांत बसलेलं. बघायला आले तेव्हा मामंजींनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. टायपिंगचा वेग विचारला. मला फार अभिमान वाटला. माणसं पुढारलेली आहेत, असं मी आईला म्हणाले.

लग्नानंतर महिनाभरात कॉम्प्युटर आला. हार घालून, कुंकू लावून बाहेरच्या टेबलावर ठेवला. मी पदर खोचून खुर्चीकडे निघाले तर मामंजी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तुमी आत बसायचं. घरची सून दुकानात बसत नसते. चार प्रकारचे लोक येतात."

"मग कॉम्प्युटर आत नेऊ या का?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर आत नेला तर लोकांना कळंल कसं, आपल्याकडं कॉम्प्युटर आला म्हणून?"

तर असं. कॉम्प्युटर लोकांना दिसला पाहिजे आणि मी दिसता कामा नये. यातून मार्ग माझ्या नवऱ्यानं काढला. एका पडद्याचे दोन करणारी एक डबी मिळते, ती आणली. दुसरा पडदा आणला, माझ्यासाठी. आता वायर कशी न्यायची? सरळ मोजलं तर दुकानातल्या टेबलापासून माझ्या खोलीपर्यंत पंधरा पावलं असतील. पण वायर सरळ जाऊ शकत नव्हती. ती भिंतीवरून वर, झरोक्यातून बोळात, बोळातून माजघराच्या तुळईवरून माझ्या खोलीत. एवढी लांब वायर तयार कुठं मिळेना. मग गल्लीत टीव्हीचं केबल जोडून देणारा जो माणूस होता, त्यानं पडद्याची वायर मधोमध कापली, दोन तुकड्यांच्या मधे टेलिफोनची वायर जोडली, एकेक तार डाग देऊन वर काळी पट्टी गुंडाळली. कीबोर्ड आणि माउसच्या वायरीही तशाच वाढवल्या. पडदा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

पहिल्याच दिवशी मला अक्षरांच्या मागं अक्षरं दिसली.

नीट सांगते. काळ्या अक्षराच्या उजव्या अंगाला त्याच अक्षराची एक फिकट सावली. आडव्या रेषा ठीक होत्या. शिरोरेषा सरळ, स्वच्छ. पण उभी रेषा म्हटलं की तिच्याशेजारी दुसरी. आणि मराठीत उभ्या रेषांना काय तोटा? काना काय, वेलांटी काय. त्यावर पडदा थरथरायचा. सरळ पाहिलं तर पटकन कळत नसे. मान वळवून भिंतीकडे पाहिलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून तो फडफडताना दिसायचा. तास-दोन तास बसलं की कपाळापासून मानेपर्यंत ठणकायला लागायचं.

नवऱ्याला सांगितलं. तो बाहेरच्या पडद्याकडे बघून म्हणाला, "इथं तर बराबर दिसून राहिलं."

"इथं बघू नका. आत येऊन बघा."

तो आत आला, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "हां, थोडं हाय. पण वाचता येऊन राहिलं ना?"

वाचता येत होतं. तिथंच सगळं अडलं. जे वाचता येतं त्याची तक्रार करणारी सून म्हणजे नाजूक सून.

आता बाहेर काय चालायचं तेही सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईक कागद घेऊन यायचं. नवरा तो कागद आत माझ्याकडे आणून द्यायचा आणि बाहेर जाऊन पडद्यासमोर बसायचा. मी आत टाइप करायला लागले की बाहेरच्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागायची. सुरुवातीला नवरा हात मांडीवर ठेवून बसायचा. एकदा कळमनुरीकडच्या एका म्हाताऱ्यानं घाबरून विचारलं, "ह्ये आपोआप कोन लिहून राहिलं?" नवरा हसला आणि समोर पडलेल्या कीबोर्डवर त्यानं हात ठेवला. हा कीबोर्ड दुसऱ्या पडद्याबरोबर फुकट आलेला, कशालाच जोडलेला नव्हता. त्या दिवसापासून तो त्यावर बोटं चालवायला लागला. मी आत लिहायचे, तो बाहेर बडवायचा.

गिऱ्हाईक म्हणालं, मामाचं नाव जरा ठळक करा, की नवरा मोठ्यानं म्हणायचा, "मामाचं नाव ठळक करायचं? करू ना!" म्हणजे मला आत ऐकू जावं. मी ठळक करायचे. "गणपती थोडा खाली घ्यायचा म्हणता?" मी गणपती खाली घ्यायचे. कधी त्याला शिंक यायची, बोटं थांबायची, आणि अक्षरं मात्र पुढं पळत राहायची. पण लोक पडद्याकडे बघतात, बोटांकडे कोण बघतो? वर्षभरात सेनगावपासून वारंगा फाट्यापर्यंत नवऱ्याचं नाव झालं. भाऊंच्या हातात कला आहे. पत्रिका करावी तर भाऊंनीच. मी हे सगळं आतून, भिंतीपलीकडून ऐकायचे. पहिल्यांदा हसू यायचं. रात्री जेवताना आम्ही दोघं त्यावर हसायचोसुद्धा. नंतर एकदा माझ्या लक्षात आलं की मी हसायची थांबले आहे आणि तो अजून हसतो आहे.

डोकेदुखी वाढत गेली. ज्या पत्रिकेच्या गठ्ठ्याला पूर्वी एक दिवस लागायचा त्याला दोन लागायला लागले. मामंजी म्हणाले, सूनबाईंची नजर कमजोर दिसते, लग्नाआधी सांगायला पाहिजे होतं त्यांनी. माझ्या वडिलांना तसं पत्रही गेलं. वडील गरीब स्वभावाचे. ते स्वतः येऊन मला नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. म्हणाले, नजर चांगली आहे, अगदी किरकोळ नंबर निघतो, तो दिला नाही तरी चालेल. वडील म्हणाले, "द्या, साहेब. पोरीच्या सासरी दाखवायला काहीतरी लागंल." असा माझा चष्मा लागला. तो लावून मी तीन वर्षं दोन-दोन अक्षरं बघितली.

वडिलांचा तो चेहरा मी विसरत नाही. मुलीच्या डोळ्यांत दोष निघावा म्हणून डॉक्टरला विनवणारा बाप.

चौथ्या की पाचव्या वर्षी कॉम्प्युटर बंद पडला, आणि नांदेडहून दुरुस्ती करणारे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. बाहेरचं काम संपवून ते म्हणाले, ही दुसरी वायर कुठं जाते? नवऱ्यानं टाळाटाळ केली, पण ते वायरीच्या मागं मागं बोळातून थेट माझ्या खोलीपर्यंत आले. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, तुमी ह्याच्यावर काम करून राहिल्या? काहून?"

मला एकदम रडू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पडद्याला नाव ठेवलं होतं, मला नाही.

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी समजावून सांगितलं. पडद्यावरचं चित्र एकदा काढलं की राहत नाही. ते एका सेकंदात साठ वेळा नव्यानं काढावं लागतं, आणि दर वेळी त्याचा ठिपका न् ठिपका या वायरीतून जातो. चित्र जितकं बारीक, जितके ठिपके जास्त, तितका वायरीवर ताण. साठच्या जागी पंच्याऐंशी वेळा काढलं तर चित्र थरथरत नाही, डोळ्याला शांत वाटतं, पण ताण आणखी वाढतो. चांगली वायर, हात-दोन हातांची, हे सगळं आरामात नेते. "ही तर टेलिफोनची हाय. बोलण्यापुरती. हिच्यातून एवढं चित्र कसं जाईल? जिथं सांधा हाय तिथून अर्धं परत फिरतं, पुन्हा येतं, म्हणून सावली पडते."

मग ते बाहेर गेले आणि काहीतरी बदलून ओरडले, "आता पाहा!" माझ्या पडद्यावरची अक्षरं वाहून गेली. नुसते काळे ओघळ. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "अरे वा, किती शांत दिसून राहिलं!" त्यांनी पंच्याऐंशी लावलं होतं. बाहेरचा पडदा निवांत झाला होता आणि माझा मेला होता.

गृहस्थांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, माझा पडदा उचलून बाहेर नेला, हातभर वायरीनं थेट कॉम्प्युटरला जोडला आणि मला हाक मारली. मामंजी वाशीमला गेले होते. मी बाहेर गेले. लग्नानंतर दुकानाच्या खुर्चीत बसायची माझी ती पहिली वेळ.

तोच पडदा. तीच अर्धवट राहिलेली पत्रिका. एका अक्षराचं एकच अक्षर. काळं म्हणजे काळं, पांढरं म्हणजे पांढरं, आणि कडेला बघितलं तरी काही हलत नव्हतं. मी चष्मा काढला. तरीही तितकंच स्वच्छ. मी तासाभरात तीन पत्रिका संपवल्या. नवरा माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, "एवढी तकलीफ होती तर आधी सांगायचं न्हाई का?" मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण ते गृहस्थ समोर होते.

जाताना त्यांनी स्वच्छ सांगितलं. एक तर कॉम्प्युटर आत न्या, नाही तर ताईंना बाहेर बसवा. वायरीला आणखी काही उपाय नाही. दोन्ही जमत नसेल तर चित्र मोठमोठ्या ठिपक्यांचं करा, म्हणजे वायरीवरचा ताण कमी होईल. पण मग पडद्यावर कमी मावेल.

संध्याकाळी मामंजी आले. नवऱ्यानं तिन्ही पर्याय सांगितले. मी दाराआड उभी होते. मामंजींनी पायातले बूट काढता काढता तिसरा निवडला. विचार करायला एक बूट काढण्याइतकाही वेळ लागला नाही. नवरा "बरं" म्हणाला. पडदा उचलून परत आत आणला.

मोठ्या ठिपक्यांनी सावली बरीच कमी झाली, डोकंही थोडं कमी दुखायला लागलं, हे मी खोटं सांगणार नाही. पण पूर्वी पडद्यावर अख्खी पत्रिका मावायची, आता जेमतेम तिसरा भाग मावायला लागला. नवरदेवाचं नाव दिसतं तेव्हा नवरीचं दिसत नाही. वरची चौकट लावावी तर खालची कुठं गेली ते कळत नाही. दिवसभर पान वर सरकव, खाली सरकव. बाहेर गिऱ्हाइकं खूश. "अक्षर लई मोठं दिसून राहिलं भाऊ, बिनचष्म्याचं वाचता येतं." वायरीला झेपत नाही म्हणून त्यांनी माझं दिसणं कमी केलं होतं, आणि सगळ्यांना ती सोय वाटत होती. मी असं आणखी तीन वर्षं काम केलं. राग यायचा, पण तो भांड्यांवर निघायचा. भांडी फार पोचली त्या काळात.

मग जिल्ह्याची कामं वाढली. जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, कार्यालयं आली होती, संस्था वाढल्या होत्या. आम्हाला एका शाळेच्या रंगीत स्मरणिकेचं काम मिळालं. दोनशे पानं, फोटो, जोडपानं. जुन्या कॉम्प्युटरला ते पेलणारं नव्हतं. नवरा जुना कॉम्प्युटर आणि दोन्ही पडदे बदल्यात देऊन नवा कॉम्प्युटर आणि एक रुंद, सपाट पडदा घेऊन आला. एकच. जोडायला तेच गृहस्थ आले. आता केस पिकलेले.

नवऱ्यानं विचारलं, "हा आत न्यायचा हाय. वायर वाढवून द्या."

"न्हाई वाढत," ते म्हणाले.

"सांधा देऊन?"

"ह्याला सांधा चालत न्हाई साहेब. जुन्या वायरीत चित्र खराब व्हायचं, पण यायचं. ही नवी पद्धत हाय. येतं तर पूर्ण येतं, न्हाई तर काहीच येत न्हाई. आणि एवढ्या मोठ्या चित्राला पाच मीटरच्या पुढं कुणी भरवसा देत न्हाई." त्यांनी वायरीचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. चांगलं रुंद, चोवीसएक टाचण्यांचं. झरोक्यातल्या जुन्या भोकातून ते गेलंही नसतं.

मी माजघरात उभी राहून ऐकत होते. वायरीची मर्यादा ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल.

मामंजींनी दोन दिवस विचार केला. कॉम्प्युटर आत न्यावा तर बाहेरच्या टेबलावर ठेवायला काही उरत नव्हतं, आणि रिकामं टेबल त्यांना बघवणार नव्हतं. स्मरणिकेची तारीख जवळ येत होती. तिसऱ्या दिवशी ते देवपूजा आटोपून म्हणाले, "सूनबाई बसल्या बाहेर तर बसू द्या. पण तोंड भिंतीकडं."

मी भिंतीकडं तोंड करून बसले. मला भिंतीचं काहीच वाटलं नाही. पडद्यावर समोरासमोरची दोन पानं एकदम दिसत होती. पहिल्या आठवड्यात मी इतकं काम केलं की नवराही चकित झाला. चष्मा कपाटात टाकून दिला. मला वाटलं, झालं, आता सुटलं सगळं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला आपोआप कळेल, काही सांगावं लागणार नाही. इतकी भोळी मी तोपर्यंत राहिले होते.

गोरेगावचे एक गृहस्थ जीपनं आले. जुनं गिऱ्हाईक. तीन मुलींच्या पत्रिका आमच्याकडं केलेल्या, आता मुलाची होती. नवरा बँकेत गेला होता. मी वळून म्हणाले, "द्या कागद, करून देते."

त्यांनी कागद खिशातच ठेवला. "भाऊ कवा येतील?"

"येतील तासाभरात. मी करते ना."

"न्हाई वहिनी, तकलीफ नको. पत्रिकेचं काम हाय, बारीक ऱ्हातं. त्याला भाऊंचाच हात लागतो." आणि ते बाकावर बसले. चांगले बसले, टोपी काढून मांडीवर ठेवून. मी त्यांच्या मोठ्या मुलीची पत्रिका केली तेव्हा चार दिवस डोक्याला फडकं बांधून बसले होते. मधल्या मुलीच्या पत्रिकेतली वेलबुट्टी मी स्वतः काढलेली, ठिपक्या-ठिपक्यानं. हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण एका परक्या माणसाला काय सांगणार, की तुमचे भाऊ बंद कीबोर्डवर बोटं बडवत होते म्हणून? नवऱ्याची लाज मलाच वाटली. सगळ्यात जास्त चीड मला याचीच येते.

सव्वा तासानं नवरा आला. गृहस्थांनी उठून कागद त्याच्या हातात दिला. नवऱ्यानं तो माझ्या हातात दिला. मी टाइप केलं, चौकट लावली, नावं लावली, मामांची नावं ठळक केली. अर्ध्या तासात पत्रिका तयार. गृहस्थ माझ्या मागं उभे राहून बघत होते. खरोखर खूश झाले.

"भाऊ," ते म्हणाले, "वहिनीला लई चांगलं शिकवलं तुमी."

मी हात थांबवले. वळले नाही. भिंतीकडं बघत वाट पाहिली.

"व्हय," नवरा म्हणाला. "येऊन राहिलं हळूहळू."

गृहस्थ गेले. त्यांची जीप सुटल्याचा आवाज आला. मी खुर्ची फिरवून नवऱ्याकडं पाहिलं. तो बराच वेळ नमुन्याच्या पत्रिका सारख्या करत राहिला.

"आता त्याला काय सांगत बसू," तो शेवटी म्हणाला.

मग कोपऱ्यातलं स्टूल उचलून त्यानं माझ्या खुर्चीच्या मागं, जरासं उजवीकडं ठेवलं आणि त्यावर बसला, दारातून येणाऱ्याला तो मला शिकवतो आहे असं दिसावं म्हणून. त्या स्टुलावर तो पुढची सहा वर्षं बसला.